अबोरिजिनल सैनिकावरचा युद्ध-लघुपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात शिकणारी मराठी मुलं, तिथे राहणारी कुटुंबं आणि लघुपट करणारी इथली मंडळी यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. अबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी. उत्तरं मुख्यतः पहिल्या महायुद्धाबद्दल आहेत, कारण बहुतेक पटकथा तिथेच घडतात.

पटकथेची सुरुवात कुठून करावी?

लढाईपासून नको, भरतीच्या कागदापासून करा. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या सेवा-फायली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन करून फुकट खुल्या केल्या आहेत. मालिकेचा क्रमांक बी२४५५. फायलीत पहिल्या पानावर नाव, जन्मगाव, वय, धंदा, जवळचा नातेवाईक. मागच्या पानावर उंची, वजन, छातीचं माप, डोळे, केस, धर्म आणि त्वचेचा रंग. अबोरिजिनल माणसाच्या फायलीत वंश लिहिलेला असेलच असं नाही. कित्येकदा त्वचेच्या रकान्यात फक्त ‘डार्क’ एवढाच शब्द असतो, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

माणूस, गाव, पलटण आणि तारीख या चार गोष्टी ठरल्याशिवाय दुसऱ्या पानाकडे वळू नका. गणवेश, बंदूक, हवामान, कायदा, भाषा, संगीत हे सगळं त्यांतूनच निघतं. ‘एक अबोरिजिनल सैनिक, कुठेतरी फ्रान्समध्ये’ एवढ्यावर लिहिलेली पटकथा पुढे प्रत्येक विभागात अडते, कारण वेशभूषाकार विचारणार कुठला बिल्ला, आणि तुमच्याकडे उत्तर नसणार.

त्यांना भरती होण्याची परवानगी होती का?

सुरुवातीला नव्हती. १९०३ चा संरक्षण कायदा आणि १९०९ ची त्यातली दुरुस्ती यांनी ‘मुख्यतः युरोपीय वंशाचे नसलेल्यां’ना युद्धकाळातल्या सक्तीच्या सेवेतून सूट दिली होती. भरती अधिकाऱ्यांनी या सुटीलाच बंदी मानलं. पुढे माणसं कमी पडू लागली, ऑक्टोबर १९१६ मधल्या सक्तीच्या भरतीवरच्या सार्वमतात सरकार हरलं, आणि मे १९१७ मध्ये हुकूम निघाला: आई-वडिलांपैकी एक युरोपीय असल्याची डॉक्टरांची खात्री पटली तर घ्यायला हरकत नाही.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली, १९१७ मध्ये माणसांची निकड पडल्यावर १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध सरल्यावर मोडली गेली, आणि महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावात. दोन्हीकडे १९१७ हेच साल यावं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मात्र पटकथेत ही तुलना कोंबू नका, ती प्रेक्षकाच्या डोक्यात आपोआप होईल.

मग १९१४ ते १९१६ मध्ये हजर असलेले कसे पोचले?

काही ठिकाणी डॉक्टरने डोळेझाक केली. काहींनी आपण न्यूझीलंडचे माओरी किंवा दुसऱ्या देशाचे असल्याचं सांगितलं. काहीजण एका गावात नाकारले गेले आणि दुसऱ्या गावात घेतले गेले. पहिल्या महायुद्धात हजारांहून अधिक अबोरिजिनल आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतले बेटवासी लढले, त्यांतले सुमारे सत्तर १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत होते.

म्हणजे नकाराचा प्रसंग लिहायचा तर तारीख बघा. १९१५ मध्ये डॉक्टर सरळ ‘नाही’ म्हणू शकतो. १९१७ च्या जुलैमध्ये तोच डॉक्टर ‘तुझा बाप कोण?’ असं विचारेल. दुसरा प्रसंग जास्त बोचरा आहे आणि पडद्यावर अजून फारसा आलेला नाही.

आधार घेण्यासारखी खरी माणसं कोण?

विल्यम आयर्विन: न्यू साउथ वेल्समधल्या कूनाबरब्रन भागातला मेंढ्यांची लोकर कातरणारा गोमेरोई माणूस, ३३ वी बटालियन. ३१ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समध्ये माँ-सां-कांतांजवळच्या रोड वुडमध्ये त्याने एकट्याने एकामागून एक तीन मशीनगनची ठाणी घेतली, चौथ्यावर जाताना गंभीर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याला डिस्टिंग्विश्ड काँडक्ट मेडल मिळालं.

विल्यम रेजिनल्ड रॉलिंग्स: व्हिक्टोरियातल्या फ्रॅमलिंगहॅमचा, २९ वी बटालियन. जुलै १९१८ च्या मोरलांकूरच्या लढाईसाठी मिलिटरी मेडल, आणि ९ ऑगस्टला मृत्यू. त्याच्याच नातलगांत पुढे रेज साँडर्स जन्मला, आणि रेज हे नाव त्याला रॉलिंग्सवरून मिळालं. हा साँडर्स दुसऱ्या महायुद्धात ग्रीसच्या क्रीट बेटावर जर्मनांपासून महिनोन् महिने लपून राहिला, नोव्हेंबर १९४४ मध्ये पहिला अबोरिजिनल कमिशन्ड अधिकारी झाला आणि १९५१ मध्ये कोरियातल्या काप्योंगच्या लढाईत कंपनीचं नेतृत्व करत होता.

आणि डग्लस ग्रँट, ज्याच्याबद्दल खाली स्वतंत्र उत्तर आहे.

या खऱ्या माणसांवर थेट लघुपट करायचा तर वंशजांची संमती हवी. ती नसेल तर काल्पनिक माणूस घ्या, पण त्याचं नेशन (म्हणजे स्वतःची भूमी आणि भाषा असलेला अबोरिजिनल समूह), गाव आणि पलटण खरी ठेवा.

समुदायाशी बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पटकथा लिहून झाल्यावर ‘जरा बघून द्या’ म्हणत गेलात की काम बिघडलंच. क्रम असा ठेवा:

१. माणूस कोणत्या नेशनचा हे ठरवा: गोमेरोई, विराजुरी, गुंडिजमारा, नूंगार, जे असेल ते. ऑस्ट्रेलियात अडीचशेच्या वर भाषा होत्या. एकाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला मल्याळम बोलायला लावणं.
२. त्या भागातल्या लँड कौन्सिलला (अबोरिजिनल लोकांच्या जमिनीचं काम बघणाऱ्या संस्थेला) किंवा पारंपरिक मालकांच्या संस्थेला एका पानाची कल्पना पाठवा. संवाद लिहिण्याआधी.
३. ज्येष्ठांना भेटायला स्वतः जा. पहिल्या भेटीत कागदावर सही मागू नका.
४. सांस्कृतिक सल्लागार नेमा, मानधन ठरवा, श्रेयनामावलीत नाव कसं यावं ते त्यांनाच विचारा.
५. लेखी करार करा: कोणती गोष्ट, कोणता शब्द, कोणतं गाणं कुठे वापरायचं आणि चित्रपट पुढे विकला तर काय.

वेळापत्रकात मोकळी जागा ठेवा. समुदायात मृत्यू झाला की ‘सॉरी बिझनेस’ पाळला जातो आणि सगळी कामं थांबतात. तो दिवस चित्रीकरणाचा असला तरीही.

जुने फोटो वापरण्याबद्दल: ऑस्ट्रेलियात १९५५ च्या आधी काढलेल्या छायाचित्रांवर आता प्रताधिकार उरलेला नाही. पण कायद्याची परवानगी वेगळी आणि घरच्यांची वेगळी, तेव्हा दोन्ही बघा. चित्रपटाच्या आधी मृत व्यक्तींची नावं, आवाज, प्रतिमा यात आहेत अशी सूचना द्यायची पद्धत आहे. ती श्रेयनामावलीच्या शेवटी नको, पहिल्या चौकटीत हवी.

मराठीत ‘आदिवासी सैनिक’ म्हणावं का?

टाळा. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्यापुढे वारली, भिल्ल, गोंड उभे राहतात. ‘मूलनिवासी’ या शब्दाला महाराष्ट्रात स्वतःचं राजकीय वजन आहे, तेही सोबत येतं. ‘अबोरिजिनल’ हाच शब्द ठेवा, आणि शक्य तिथे नेशनचं नाव. टॉरेस सामुद्रधुनीतले बेटवासी वेगळे लोक आहेत, त्यांना यात धरू नका.

गणवेशात सर्वात जास्त चुका कुठे होतात?

चुका लहान वस्तूंत होतात. अंगरखा खाकी लोकरीचा, चार मोठे खिसे, कमरेला कापडाचा पट्टा, बटणं काळपटलेली. चकचकीत पितळी बटणं दिसली की जाणकार तिथेच हसतो. कॉलरच्या दोन्ही बाजूंना उगवत्या सूर्याचा बिल्ला, खांद्यावर ‘ऑस्ट्रेलिया’ अशी कमानदार अक्षरं.

दंडावरचा रंगीत तुकडा, म्हणजे कलर पॅच, पलटणीप्रमाणे बदलतो. आकारावरून डिव्हिजन कळते: दुसरीचा हिऱ्यासारखा चौकोन, तिसरीचा आडवा अंडाकृती, पाचवीचा उभा आयत. एक रंग ब्रिगेडचा, दुसरा बटालियनचा. आयर्विनची ३३ वी बटालियन तिसऱ्या डिव्हिजनमधली, म्हणून त्याचा तुकडा अंडाकृती, काळा आणि हिरवा. हा तुकडा दोन्ही बाह्यांवर शिवायचा असतो. एकाच बाहीवर शिवून सेटवर आलेले कपडे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आणखी काही चुका:

- गॅलिपोलीत पोलादी शिरस्त्राण. १९१५ मध्ये तिथे ती नव्हती, ऑस्ट्रेलियनांना ती फ्रान्समध्ये १९१६ पासून मिळाली.
- १९१६ च्या प्रसंगात कलर पॅचवर पितळी ‘ए’ अक्षर. गॅलिपोलीत लढल्याची ती खूण १९१७ च्या उत्तरार्धात आली.
- पायदळाच्या टोपीत एमूची पिसं. पिसं लाइट हॉर्सची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या घोडेस्वार सैन्याची.
- १९१८ च्या सैनिकाच्या घरात अबोरिजिनल ध्वज. तो १९७१ मध्ये तयार झाला.

पायावरच्या पट्ट्या सारख्या सुटतात, काय करावं?

इंग्रजांनी ‘पटी’ हा शब्द आपल्या ‘पट्टी’वरूनच उचलला, ‘खाकी’सारखा. त्यामुळे निदान नाव तरी समजावून सांगावं लागणार नाही. पट्टी लोकरीची हवी, साधारण पावणेतीन मीटर. सुती पट्टी तासाभरात घोट्यावर गोळा होते. पायदळात घोट्यापासून वर गुंडाळतात आणि गुडघ्याखाली नाडी बांधतात. बुटाच्या वरच्या कडेवर दोन फेरे घट्ट घ्या, मग प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर चढवत वर जा. पोटरी जिथे रुंद होते तिथे पट्टीला एक उलटी घडी द्या, म्हणजे ती पायाच्या आकाराला बसते. नटाला पोटरी ताणून उभं करा आणि मगच गुंडाळा, नाहीतर पहिल्याच धावण्यात रक्त अडून पाय मुंग्यांनी भरतो. घोडेस्वार उलट, वरून खाली गुंडाळतात. पण लाइट हॉर्सचे बहुतेकजण चामडी लेगिंग घालत.

बंदुका कशा दाखवायच्या? खऱ्या लागतात का?

बहुधा नाही. रायफल म्हणजे .३०३ ची शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, वजन सुमारे चार किलो, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. सोयीची गोष्ट अशी की ही बोल्ट-ॲक्शन आहे. स्वयंचलित बंदुकीत गोळी न उडता यंत्रणा फिरत नाही, इथे मात्र बोल्ट नट हातानेच ओढतो. म्हणून कोरं (गोळी नसलेलं) काडतूसही न वापरता नटाने धक्का घ्यायचा, बोल्ट ओढायचा, आणि ज्वाळा-धूर संकलनात भरायचा. मागच्या रांगेतल्यांना रबरी बंदुका द्या, जवळच्या दोघा-तिघांनाच धातूच्या.

गोळ्या भरण्याचा क्लोज-अप हवा असेल तर निष्क्रिय काडतुसं आणि परवानाधारक शस्त्रसाहाय्यक, म्हणजे आर्मरर, दोन्ही लागतात. पाच काडतुसं एका चार्जरमध्ये, म्हणजे काडतुसं धरणाऱ्या धातूच्या पट्टीत, दोन चार्जर अंगठ्याने खाली दाबायचे. .३०३ च्या बुडाला कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की बंदूक अडते, आणि खऱ्या लढाईतही अडायची. नटाला हे शिकवा, पटकथेत नसलं तरी. अडलेला बोल्ट मोकळा करणारे हात हा दोन सेकंदांचा शॉट पूर्ण संवादापेक्षा जास्त सांगतो.

ऑस्ट्रेलियात बंदुकांचा कायदा राज्यानुसार वेगळा आहे आणि बऱ्याच ठिकाणी नकली बंदुकीलाही परवाना लागतो. गाडीच्या डिकीत नकली रायफल टाकून लोकेशनवर जाणं हा सर्वात स्वस्त दिसणारा आणि सर्वात महाग पडणारा मार्ग. चित्रीकरणाची तारीख स्थानिक पोलिसांना आणि शेजाऱ्यांना आधी कळवा.

खंदक कसा उभारायचा?

खणू नका, रचा. खरा खंदक माणसाच्या डोक्यावर जातो. पण तिथल्या कामगार-सुरक्षा नियमांत दीड मीटर किंवा त्याहून खोल खंदकाच्या भिंतींना आधार किंवा उतार द्यावा लागतो, आणि पाऊस आला की भिंती कोसळतात. साठ-सत्तर सेंटिमीटर खणून निघालेली माती वर टाका, उरलेली उंची लाकूड आणि पोत्यांनी वाढवा. दहा मीटर लांबी पुरते, मात्र मध्ये एक काटकोनी वळण हवंच. खरे खंदक सरळ नसत, आणि वळण असलं की तेच दहा मीटर दोन बाजूंनी वेगळे दिसतात. मागची भिंत सुटी ठेवा, कॅमेरा तिथून येतो.

पोती तागाची. प्लास्टिकची पोती दिव्याखाली चमकतात. तीन-चतुर्थांश भरा, ठोकून चपटी करा, तोंड आतल्या बाजूला घेऊन विटांसारखी सांधे चुकवत रचा. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर उंच भिंतीला साधारण साठ लागतात. गच्च भरलेली पोती गोल राहतात आणि भिंत घसरते.

मातीचा रंग बघा. फ्रान्समधल्या सोम नदीच्या प्रदेशात खाली पांढरट खडू आहे. न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातली लाल माती दाखवून ‘फ्रान्स’ अशी पाटी लावली तर कोणीच फसत नाही.

घोडदळ दाखवायचं आहे. परवडेल का?

दौड परवडणार नाही, घोड्याला पाणी पाजणं परवडेल. आणि लाइट हॉर्सचं खरं रोजचं काम तेच होतं. ११ व्या लाइट हॉर्समध्ये क्वीन्सलंडचे कितीतरी अबोरिजिनल स्वार होते. धावपटू कॅथी फ्रीमनचे पणजोबा फ्रँक फिशर त्यांतले. एक तपशील सांभाळा: ३१ ऑक्टोबर १९१७ च्या पॅलेस्टाइनमधल्या बेरशेबाच्या दौडीत स्वारांच्या हाती संगिनी होत्या, तलवारी नव्हत्या. तलवारी १९१८ मध्ये मिळाल्या आणि २५ सप्टेंबरला सेमाखला ११ व्या रेजिमेंटने त्या वापरल्या.

भारताशी काही खरा दुवा आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. सेमाखच्या दोन दिवस आधी जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सरांनी हैफा घेतलं. त्याच मोहिमेत पूना हॉर्सही होतं.

त्याहून जवळचा दुवा डग्लस ग्रँट. जन्म उत्तर क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनात, लहानपणी एका स्कॉटिश कुटुंबाने वाढवला, धंद्याने आराखडे काढणारा, बोलणं स्कॉटिश वळणाचं. १९१६ मध्ये भरती झाला आणि अबोरिजिनल माणसाला सरकारी परवानगीशिवाय देश सोडता येत नाही म्हणून काढला गेला. पुन्हा भरती झाला आणि १३ व्या बटालियनमध्ये पोचला. ११ एप्रिल १९१७ ला बर्फात, तोफांच्या आधाराशिवाय फ्रान्समध्ये झालेल्या ब्यूलेकूरच्या हल्ल्यात जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला. त्या एका दिवसात अकराशेच्या वर ऑस्ट्रेलियन कैद झाले. जर्मनांनी त्याला बर्लिनजवळ व्युन्सडोर्फच्या छावणीत ठेवलं, जिथे हिंदी आणि आफ्रिकी कैदी होते. तिथे मदतीची पार्सलं वाटायचं काम सोबतीच्या कैद्यांनी त्याच्यावर सोपवलं, आणि जर्मन विद्वान त्याची मापं घ्यायला येत.

एक खोली, एक टेबल, पार्सलांची यादी, समोर हिंदी शिपाई. एकही गोळी न उडवता लघुपट होतो. आमच्या मते या विषयातली सर्वात चांगली आणि सर्वात स्वस्त पटकथा इथेच पडून आहे.

पार्श्वसंगीतात डिजेरिडू वापरावा का?

सैनिक उत्तरेकडचा नसेल तर नको. ते लांब लाकडी नळीचं, फुंकून वाजवायचं वाद्य अर्नहेम लँड आणि आसपासच्या उत्तर भागाचं आहे. व्हिक्टोरियातल्या मिशनमध्ये, म्हणजे चर्चच्या लोकांनी चालवलेल्या वस्तीत, वाढलेला माणूस चर्चची स्तोत्रं गात असण्याची शक्यता जास्त. तीच गत ‘जन्मजात माग काढणारा’ या पात्राची. त्या साच्यात माणूस बसवला की तो लोकर कातरणारा होता, सुतार होता, घोडे माणसाळवायचा, हे सगळं पुसलं जातं.

त्या काळचे वंशद्वेषी शब्द संवादात ठेवावेत का?

एखाद-दुसरा, जिथे तो प्रसंग बदलतो तिथे. सल्लागाराला आणि नटाला आधी वाचायला द्या. तालमीत तो शब्द न वापरता काम करा, चित्रीकरणात एक-दोन टेकमध्ये संपवा.

लघुपट किती मिनिटांचा असावा?

ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत लघुपट. पण महोत्सवाच्या निवडकर्त्याला बारा ते पंधरा मिनिटांचा बसवायला सोपा जातो. बारा पानं, दोन ठिकाणं, सहा पूर्ण गणवेश, चार दिवस. याच्यावर गेलात तर खंदक लहान करा, समुदायासोबतचा वेळ नको.

युद्धानंतरचा भाग घ्यावा का?

घ्याच, कारण नाट्य तिथे आहे. सैन्यात पगार बरोबरीचा: दिवसाला सहा शिलिंग, त्यातला एक सुटताना मिळायचा. घरी परतल्यावर माजी सैनिकांना शेतजमीन देण्याची योजना आली आणि अबोरिजिनल अर्जदारांपैकी अगदी थोड्यांनाच तुकडा मिळाला. उलट काही राखीव वस्त्यांची जमीन काढून ती गोऱ्या माजी सैनिकांना वाटली गेली. क्वीन्सलंडमध्ये ‘प्रोटेक्टर’ नावाचा अधिकारी अबोरिजिनल माणसाची कमाई आपल्या ताब्यात ठेवत असे. संघराज्याच्या निवडणुकीत माजी सैनिकांना मत मिळालं १९४९ मध्ये, सगळ्यांना १९६२ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धात गेलात तर टॉरेस सामुद्रधुनीच्या पलटणीचा संप घ्या. गोऱ्या शिपायाच्या साधारण एक-तृतीयांश पगार म्हणून १९४३ च्या अखेरीस त्यांनी काम थांबवलं, पगार दोन-तृतीयांशावर गेला, आणि उरलेली थकबाकी मिळायला १९८० चं दशक उजाडलं.

मराठी सबटायटल करताना काय अडतं?

‘मेट’. प्रत्येक वेळी ‘मित्रा’ लिहिलं की नाटकी होतं. कधी ‘गड्या’, कधी ‘अरे’, कधी काहीच नको. ‘प्रोटेक्टर’ मात्र ‘संरक्षक’ असाच लिहा, त्यातला उपरोध मराठीत आयता येतो. ‘मिशन’ तसंच ठेवा. दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि जोडाक्षरं लहान टंकात चिकटतात म्हणून मोठ्या पडद्यावर एकदा तपासा.

‘अँझॅक’ हा शब्द शीर्षकात चालेल का?

पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याच्या इंग्रजी नावाचं संक्षिप्त रूप असलेला तो शब्द १९२१ च्या नियमांनी संरक्षित आहे. शीर्षकात किंवा विक्रीच्या वस्तूंवर वापरण्याआधी माजी सैनिक खात्याकडे परवानगी मागा. पोस्टर छापून झाल्यावर नव्हे.

शेवटच्या पाटीवर काय लिहावं?

खरा माणूस असेल तर सेवा-क्रमांक, बटालियन, मृत्यूची तारीख, दफनाचं ठिकाण. आयर्विनचं थडगं फ्रान्समध्ये दावूरच्या दफनभूमीत आहे. पूर्ण नाव फायलीतल्या स्पेलिंगप्रमाणे लिहायचं की घरचे लिहितात तसं, हे घरच्यांना विचारा. भरतीच्या टेबलावर कारकुनाने कानावर पडेल तसं नाव लिहिलेलं असतं आणि पुढे तेच पदकावर कोरलं जातं.